उधारी, अनुदान आणि गिऱ्हाईक

भाऊसिंगजी रोडवरच्या गंगाराम कांबळे यांच्या ‘सत्यसुधारक’ हॉटेलची गोष्ट कोल्हापुरात शाळकरी पोरंही सांगतात. पाण्याला शिवले म्हणून मार खाल्लेल्या गंगारामना राजर्षी शाहू महाराजांनी स्वतंत्र धंदा काढायला पैसे दिले. हॉटेल निघालं, पण दलिताच्या हातचा चहा प्यायला कोणी फिरकेना. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा घेऊ लागले, बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. सामाजिक क्रांतीची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. मात्र धंद्याच्या अंगानं पाहिलं तर तिच्यात आणखी एक बारकावा दिसतो. भांडवल देऊन महाराज थांबले नाहीत. गल्ल्यात पैसा पडेपर्यंत त्यांनी पाठ सोडली नाही.

आज कोल्हापुरात छोटा धंदा करणाऱ्यासाठी योजना, महामंडळं, बँका, पतसंस्था, औद्योगिक संघटना यांची वाण नाही. जिल्हा उद्योग केंद्रात गेलं तर माहितीपत्रकांची चळत हातात पडते. तरी शिरोलीतला जॉब वर्क करणारा, सुभाषनगरातला चप्पल कारागीर, इचलकरंजीतला यंत्रमागधारक आणि महाद्वार रोडवरचा फेरीवाला या चौघांना विचारलं, तर ‘अडचणीत नेमका कोणाचा उपयोग झाला?’ या प्रश्नाची चार वेगळी उत्तरं येतात, आणि त्यांत सरकारी योजनेचं नाव पहिलं येईलच असं नाही. छोट्या धंद्याला आधार द्यायचा तो कर्जाचा, बाजाराचा, वसुलीचा की नुसत्या सोबतीचा, हा वाद जुना आहे. तो आज कुठवर आला आहे, ते पाहण्यासारखं आहे.

आधी पेठ, मग उद्यमनगर

कोल्हापूरच्या धंद्यांची घडी संस्थानी काळात बसली. १८९५ मध्ये शाहूपुरी वसवून तिथं गुळाची बाजारपेठ उभी केली गेली. १९०६ मध्ये शाहू मिलची पायाभरणी झाली. इचलकरंजीत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या आश्रयाखाली १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. या सगळ्यात राज्यकर्त्याचं काम जागा, सवलत आणि संरक्षण देण्याचं होतं. धंदा करणारा आपापल्या हिमतीवर उभा राहत होता.

इंजिनिअरिंगची गोष्ट आणखी वेगळी. उसाचे चरक आणि शेतीपंपांची ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता म्हादबा मेस्त्रींसारख्या हातानं शिकलेल्या कारागिरांनी इथं यंत्रविद्या रुजवली. त्यातून शिवाजी उद्यमनगर उभं राहिलं, मग एमआयडीसीच्या काळात शिरोली, गोकुळ शिरगाव आणि पुढं कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत आली. कागदी पदवी नसलेला मिस्त्री आणि त्याच्याकडून कास्टिंग घेणारा मोठा कारखानदार, हे नातं या भागाच्या उद्योगाचा कणा राहिलं आहे. पुढं येणारा थकबाकीचा प्रश्नही याच नात्यातून निघतो.

पैशाची सोय सहकारानं केली. कोल्हापूर अर्बन बँक १९१३ सालची. पुढं जिल्हा मध्यवर्ती बँक, नागरी बँका आणि गल्लोगल्लीच्या पतसंस्था आल्या. सरकारी यंत्रणा त्यामानानं उशिरा आली. जिल्हा उद्योग केंद्रांची योजना देशभर १९७८ मध्ये सुरू झाली. एका छपराखाली सगळी मदत, अशी तिची मूळ कल्पना होती. छप्पर एक झालं, पण जमीन एमआयडीसीकडे, वीज महावितरणकडे, कर्ज बँकेकडे आणि परवाने महापालिकेकडे राहिले.

कर्जाची वाट

सध्याच्या मदतीचा सगळ्यात मोठा भाग कर्जाशी जोडलेला आहे. त्यामागचं गणित साधं आहे. रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या यू. के. सिन्हा समितीनं २०१९ मध्ये देशातल्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची पतपुरवठ्यातली तूट २० ते २५ लाख कोटी रुपयांची असल्याचा अंदाज दिला. बँकेचा पैसा पोचत नाही म्हणून सावकार पोचतो, असं या मताचे लोक म्हणतात.

त्यानुसार योजनांची उतरंड रचलेली आहे. फेरीवाल्यांसाठी जून २०२० मध्ये पीएम स्वनिधी आली. १० हजारांपासून सुरू होणारं तिचं कर्ज २०२५ च्या फेररचनेनंतर पहिल्या टप्प्यात १५ हजार, दुसऱ्यात २५ हजार आणि तिसऱ्यात ५० हजार झालं. २०१५ च्या मुद्रा योजनेत शिशू, किशोर, तरुण असे टप्पे आहेत, आणि आधीचं कर्ज नीट फेडलेल्यांसाठी २० लाखांपर्यंतचा ‘तरुण प्लस’ गट २०२४ मध्ये जोडला गेला. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना १८ पारंपरिक व्यवसायांसाठी आहे. चर्मकार, कुंभार, सोनार, लोहार, शिंपी त्यात येतात. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि ५ टक्के व्याजानं आधी एक, मग दोन लाखांचं कर्ज असं तिचं स्वरूप आहे. मराठा समाजातल्या तरुणांसाठी अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळ बँकेच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा देतं.

नवा कारखाना काढणाऱ्यासाठी मुख्य योजना दोन: केंद्राची पंतप्रधान रोजगार निर्मिती आणि राज्याची २०१९ पासूनची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती. केंद्राच्या योजनेत उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. शहर की गाव, आणि अर्जदार कोणत्या प्रवर्गातला, यावर अनुदान १५ ते ३५ टक्के ठरतं. चहाच्या टेबलावर ‘पस्तीस टक्के माफ’ अशी तिची जाहिरात होते. प्रत्यक्षातला प्रवास जवळून पाहिला की हे ‘माफ’ कसं असतं ते कळतं.

अर्ज ऑनलाइन भरायचा. तो छाननी होऊन बँकेच्या शाखेत जातो. शाखा प्रकल्प अहवाल, जागेचा करारनामा, यंत्रांची कोटेशनं आणि सिबिल, म्हणजे जुन्या कर्जफेडीची नोंद, पाहते. मंजुरी मिळाली तर अर्जदारानं स्वतःचा ५ किंवा १० टक्के वाटा भरायचा, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडायचं, मग कर्ज सुटतं. अनुदानाची रक्कम येते, पण उद्योजकाच्या खात्यात नव्हे. ती त्याच्या नावानं बँकेत तीन वर्षं मुदत ठेवीसारखी अडकून पडते. तेवढ्या रकमेवर त्याला व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर बँकही व्याज लावत नाही. तीन वर्षांनी धंदा चालू आहे का, याची जागेवर पडताळणी होते आणि मग ती रक्कम कर्जात वळती होते. म्हणजे अनुदान मिळतं ते तगलेल्याला. पहिल्या सहा महिन्यांत कच्चा माल घ्यायला त्याचा उपयोग नाही. अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या परताव्यातही असंच आहे: हप्ता आधी भरायचा, व्याज मागून मिळतं.

बँकांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण गावोगावी ‘मॅनेजर अडवतो’ एवढंच ऐकू येतं. शाखाधिकाऱ्याचं म्हणणं असं, की अनुदानावर डोळा ठेवून काढलेली प्रकरणं ओळखू येतात. एकाच छापाचे प्रकल्प अहवाल येतात, त्यात फक्त नाव बदललेलं असतं. कर्ज बुडालं की उत्तर त्यालाच द्यावं लागतं. सूक्ष्म व लघु उद्योगांना १० लाखांपर्यंत तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेनं २०१० मध्येच बजावलं होतं आणि विनातारण कर्जाला हमी देणाऱ्या पतहमी ट्रस्टच्या छत्राची मर्यादा एप्रिल २०२५ पासून १० कोटींवर गेली आहे. पण हमी संपूर्ण कर्जाची नसते, शिवाय दावा वसूल व्हायला वेळ लागतो. म्हणून ‘एखादा जामीनदार बघा’ हे वाक्य शाखेतून हद्दपार झालेलं नाही.

याच पोकळीत पतसंस्था उभ्या आहेत. लक्ष्मीपुरीतल्या भाजीवालीकडे रोज संध्याकाळी पिग्मी एजंट येतो, ५०-१०० रुपये नेतो, वहीत किंवा यंत्रावर नोंद करतो. तिच्या उत्पन्नाचा दाखला म्हणजे ही पिग्मी. लेकीच्या लग्नाला किंवा नव्या गाड्याला कर्ज लागलं तर संस्था तिला ओळखते. राष्ट्रीयीकृत बँकेच्या संगणकाला ती अनोळखी असते. व्याज जास्त पडतं, तरी माणूस तिकडेच वळतो. धोका दुसऱ्या बाजूला आहे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. छोट्या वित्तसंस्था अडचणीत येतात हेही कोल्हापूरला नवीन नाही. इथल्या सुभद्रा लोकल एरिया बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२० मध्ये रद्द केला होता.

कर्जामुळे धंदा वाढतो का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. अभिजीत बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी भारतातल्या बँककर्जाचा अभ्यास करून दाखवलं, की प्राधान्य क्षेत्राच्या कक्षेत नव्यानं आलेल्या कंपन्यांनी मिळालेलं जादा कर्ज खरोखर धंदा वाढवायला वापरलं. म्हणजे त्यांची पैशाअभावी अडवणूक होत होती. याच दोघांनी सहकाऱ्यांसह हैदराबादच्या वस्त्यांत केलेल्या सूक्ष्मकर्जाच्या अभ्यासात मात्र चित्र फिकं निघालं: आधीपासून धंदा असलेल्यांना थोडा फायदा झाला, पण कुटुंबांच्या एकूण राहणीमानात मोठा फरक दिसला नाही. कोल्हापूरच्या भाषेत सांगायचं तर उद्यमनगरातल्या वर्कशॉपला एक यंत्र जास्त घेऊन देणं वेगळं आणि टपरीवाल्याला १० हजार देणं वेगळं. दोन्हींना एकच ‘पतपुरवठा’ म्हणून मोजलं की हिशेब चुकतो.

बिल निघालं, पैसे कुठं आहेत?

कर्जाच्या चर्चेत एक गोष्ट मागं पडते. बऱ्याच छोट्या कारखानदारांना नवं कर्ज नको असतं, जुनं बिल हवं असतं. शिरोलीतल्या मशीन शॉपवाल्याला फौंड्रीकडून कास्टिंग येतं. तो ते मशिनिंग करून परत पाठवतो, बिल लावतो आणि वाट पाहत बसतो. कामगाराचा पगार महिन्याला, विजेचं बिल महिन्याला, जीएसटी भरायचा तोही ठरल्या तारखेला. पेमेंट मात्र ९० दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. मधल्या काळात तो कॅश क्रेडिट वापरतो, म्हणजे गिऱ्हाइकाच्या उधारीचं व्याज स्वतः भरतो.

कायदा त्याच्या बाजूनं कडक आहे. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायला हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार सुविधा परिषदेकडे करता येते. निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. २०१७ पासून ही तक्रार ऑनलाइन करता येते. कागदावर याहून धारदार हत्यार सापडणं कठीण.

ते उचलत कोणी नाही, कारण उघड आहे. ज्याच्यावर तक्रार करायची त्याच्याकडूनच पुढची ऑर्डर यायची असते. जिल्ह्यात सगळे एकमेकांना ओळखतात. एकदा ‘केस करणारा’ असा शिक्का बसला की काम मिळणं अवघड.

म्हणून २०२३ च्या वित्त कायद्यानं दुसरा मार्ग काढला. आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं: सूक्ष्म वा लघु उद्योगाचं बिल मुदतीत चुकतं केलं नाही, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येणार नाही. इथं तक्रार करावीच लागत नाही, प्राप्तिकराचा धाक पुरतो. मशीन शॉपवाल्यांनी याचं स्वागत केलं. कापडाच्या धंद्यात मात्र बाजू उलटसुलट पडल्या. तिथली उधारी पिढ्यान्‌पिढ्या लांब मुदतीची आहे. सूत घेणारा, माग चालवणारा, कापड उचलणारा व्यापारी आणि परगावचा पेढीवाला असे सगळे त्या मुदतीवर बांधलेले आहेत. कलम लागू होताच नोंदणीकृत छोट्या उत्पादकांऐवजी मोठ्यांकडून वा नोंदणी नसलेल्यांकडून माल घ्यावा, असा विचार व्यापाऱ्यांत सुरू झाल्याच्या तक्रारी देशातल्या कापड केंद्रांतून आल्या. इचलकरंजीतल्या खर्चीवाल्याची, म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं कापड विणून देणाऱ्याची, अवस्था आणखी नाजूक. त्याची कमाई पिकाच्या, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्याच्या, दरावर ठरते आणि दर ठरवताना त्याचा आवाज सगळ्यात बारीक असतो.

दोन त्रुटी ठळक आहेत. एक, हे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे, निव्वळ व्यापाऱ्याला नाही. किराणा वा हार्डवेअरच्या दुकानदाराला २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. दुसरी, साखळीची. बिलं बँकांना विकून आधी पैसे मिळवण्याच्या ट्रेड्स व्यवस्थेत २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांनी नोंदणी करणं बंधनकारक आहे. मशीन शॉपचा देणेकरी मात्र बहुधा दुसरी छोटी फौंड्रीच असते आणि ती स्वतः वरच्या कंपनीच्या पेमेंटकडे डोळे लावून बसलेली असते. खालच्या पायरीपर्यंत हा प्रवाह कसा यायचा, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

नावाचा भाव

बाजारपेठेवर भर देणाऱ्यांचं म्हणणं वेगळं आहे. कोल्हापूरला जगभर नाव आहे; ते नाव वापरून मालाला भाव मिळवून द्या, कर्जाची गरज आपोआप कमी होईल. या मताची कसोटी दोन मालांवर लागली आहे, गूळ आणि चप्पल.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत जिल्ह्याचं उत्पादन म्हणूनही गूळच आहे. तीत ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान मिळतं. तरी गुऱ्हाळं कमी होत गेली. साखर कारखान्याला ऊस घातला की एफआरपीचं, म्हणजे ठरवून दिलेल्या किमान ऊसदराचं, संरक्षण मिळतं, गुऱ्हाळाला ऊस आणि गूळ करणारा गुळव्या दोन्ही शोधावे लागतात. बाजारात साखर मिसळलेला आणि बाहेरून आलेला गूळही ‘कोल्हापुरी’ म्हणून विकला जातो. मानांकन हा हक्क आहे, तो राखायला माणसं, तपासणी आणि दावे लागतात. तो खर्च कोणी करायचा, हे ठरलेलं नाही.

चपलेची कहाणी जास्त गाजली. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं भिजवून, ठोकून तळाचे थर लावायचे, कातड्याच्याच वादीनं शिवायचे, खिळा वापरायचा नाही. बायकांनी वेण्या घालायच्या. कापशी, पुकरी, बक्कलनाळी असे प्रकार. एका जोडाला अनेक हात लागतात आणि उन्हाळ्या-पावसाळ्याप्रमाणे वाळायला लागणारे दिवस बदलतात. २०१९ मध्ये या चपलेला मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. नोंदणीकृत धनी आहेत दोन सरकारी महामंडळं: महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ म्हणजे लिडकॉम, आणि कर्नाटकाचं लिडकर.

जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या शोमध्ये अगदी तशाच चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. गदारोळ झाल्यावर कंपनीनं प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. मानांकनाचे नोंदणीकृत धनी स्वतः आलेले नाहीत, या मुद्द्यावर ती जुलैमध्ये फेटाळली गेली. डिसेंबरमध्ये प्राडा, लिडकॉम आणि लिडकर यांच्यात करार झाला आणि या भागात बनलेल्या सुमारे २,००० जोडांची मर्यादित मालिका, जोडाला सुमारे ८०० युरो भावानं विकण्याची घोषणा झाली.

यावर मतं फाटली आहेत. एका गटाला हे हक्काचं पहिलं फळ वाटतं: नाव घ्यावं लागलं, करार करावा लागला, सौदा महामंडळामार्फत झाला. लिडकॉमनं आणलेला क्यूआर कोड याच दिशेचा आहे. जोड कोणी, कुठं बनवला ते गिऱ्हाइकाला कळावं. दुसऱ्या गटाचा आक्षेप रकमेपेक्षा रचनेला आहे. हक्क महामंडळाचा, कारागीर फार तर ‘अधिकृत वापरकर्ता’. ८०० युरोतून शिवणाऱ्याच्या हाती किती येणार? आणि २,००० जोडांपलीकडे रोजचा धंदा चप्पल लाईनीतल्या दुकानावर आणि पर्यटकावर चालतो. तिथं रेक्झिनच्या, परराज्यातल्या स्वस्त मालाशी स्पर्धा आहे. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी ५ टक्के झाला, त्याचा दिलासा सगळ्यांनाच मिळाला, खऱ्याला आणि नकलीलाही. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी दुरुस्तीनंतर महागलेलं कातडं हा कच्च्या मालाचा प्रश्न मानांकनानं सुटणारा नाहीच.

संघटना आणि सोबत

तिसरा विचार संघटनांचा. शिरोलीची स्मॅक, गोकुळ शिरगावची गोशिमा, कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, चेंबर ऑफ कॉमर्स यांचा जोर वैयक्तिक अनुदानापेक्षा सामायिक सोयी आणि खर्च कमी करण्यावर आहे. फौंड्रीतली वापरलेली वाळू पुन्हा वापरण्याजोगी करण्याचा प्रकल्प एकट्याला परवडत नाही, क्लस्टरला परवडतो. वीजदर हा त्यांचा कायमचा मुद्दा. कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर असल्यानं ‘तिकडे जाऊ’ हा इशारा २०१३ च्या सुमारास बराच गाजला आणि अधूनमधून पुन्हा ऐकू येतो. इचलकरंजीतही २७ अश्वशक्तीच्या खालच्या-वरच्या यंत्रमागांना युनिटमागं किती सवलत आणि तिच्यासाठी नोंदणीची अट असावी का, यावर बरीच रस्सीखेच झाली. वीजदर तज्ज्ञांचं प्रत्युत्तर असं, की एका गटाला दिलेली सवलत दुसऱ्या ग्राहकाच्या किंवा तिजोरीच्या माथी बसते. दोन्ही बाजूंकडे आकडे आहेत. संघटनेच्या टेबलापर्यंत सगळ्यात छोटा माणूस पोचतो का, हा मात्र तिसराच प्रश्न.

त्या छोट्यांसाठी सोबतीचं काम करणाऱ्यांत कांचनताई परुळेकर यांनी उभी केलेली ‘स्वयंसिद्धा’ ठळक आहे. घरात लोणची, चटण्या, शिवणकाम करणाऱ्या बायकांना तिनं माप, वेष्टन, किंमत काढणं, अन्न परवान्याची नोंदणी आणि गिऱ्हाइकाशी बोलणं शिकवलं, विक्रीच्या जागा मिळवून दिल्या. कांदा-लसणाच्या चटणीत तेल-तिखटाचा खर्च धरला जातो, स्वतःच्या दोन तासांचा नाही. तो धरायला शिकवणं हे इथलं खरं प्रशिक्षण. अन्नप्रक्रिया योजनेतही अर्जदारासोबत फिरणाऱ्या जिल्हा संसाधन व्यक्तीची तरतूद आहे, तिला मंजूर प्रकरणामागं मानधन मिळतं. आक्षेप असा, की मानधन प्रकरण मंजूर होण्याशी बांधलं की सोबत मंजुरीपर्यंतच चालते. आणि स्वयंसिद्धेसारखं काम माणसावर उभं असतं, ते सरकारी परिपत्रकानं जिल्हाभर पसरवता येत नाही.

या सगळ्यांवर एक चौथा, थोडा रुक्ष आवाज आहे. केंद्राच्या २०१८-१९ च्या आर्थिक पाहणी अहवालानं छोटं राहण्यालाच बक्षीस देणाऱ्या धोरणावर बोट ठेवलं होतं: वर्षानुवर्षं खुजे राहिलेले उद्योग सवलती खातात, तरुण आणि वाढणारे मागं राहतात, म्हणून सवलत आकारापेक्षा वयाशी जोडा. त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये व्याख्या आणखी रुंदावली. अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योगही आता ‘सूक्ष्म’. उद्यमनगरातल्या तीन लेथवाल्याला आणि १० कोटींच्या कारखान्याला एकाच रांगेत उभं करणारी ही व्याख्या संघटनांना सोयीची वाटते, कारागिरांसाठी काम करणाऱ्यांना खटकते.

न सुटलेले प्रश्न

फेरीवाल्याचा प्रश्न यात सगळ्यात विचित्र अडकला आहे. स्वनिधीचं कर्ज त्याला विक्रेता म्हणून ओळख देतं. २०१४ चा पथविक्रेता कायदा सर्वेक्षण, विक्री क्षेत्रं आणि शहर समितीची हमी देतो. तरी अंबाबाईच्या मंदिराभोवती, महाद्वार आणि ताराबाई रोडवर दुकानदार, फेरीवाले, भाविकांची गर्दी आणि महापालिकेची अतिक्रमणविरोधी मोहीम यांचा झगडा चालूच राहतो. एका खात्यानं ज्याच्या धंद्यावर कर्ज दिलं, त्याचा गाडा दुसऱ्या खात्यानं उचलला तर हप्ता कोणी भरायचा?

आणि मग पूर. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये त्याहूनही वर. दोन्ही वेळा बाजारपेठांत पाणी शिरलं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्पमध्ये तर पूर नेमका गणपतीच्या तोंडावर येतो. वर्षभराचं भांडवल तेव्हा रंगाच्या प्रतीक्षेत फळीवर बसलेलं असतं. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते, प्लास्टरची रंग आणि आकार गमावते. सरकारी मदत दोन्ही पुरांनंतर नुकसानीच्या ७५ टक्के किंवा कमाल ५० हजार अशी होती, टपऱ्यांना २०२१ मध्ये १० हजारांपर्यंत. पंचनाम्याला बिलं लागतात. हातानं घडवलेल्या अर्धवट मूर्तीचं बिल नसतं.

विमा आहे. एप्रिल २०२१ पासून सूक्ष्म उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सगळ्या सामान्य विमा कंपन्यांना द्यावी लागते, पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेला, पुरासकट. पण बँकेचं कर्ज असेल तर बँक विमा उतरवते, तोही बहुधा कर्जाच्या रकमेपुरता. कर्ज नसलेला दुकानदार विम्याच्या वाटेला जात नाही. भाड्याच्या जागेतला, बिनबिलाचा, हंगामी माल मूल्यांकनात कसा धरायचा, यावर विमा कंपन्या आणि व्यापारी यांचे वाद दोन्ही पुरांनंतर झाले. पूररेषेच्या आतल्या धंद्यांना तिथंच सावरायला मदत करायची की उंचावर जागा देऊन हलवायचं, यावर महापालिका, व्यापारी आणि कुंभार समाज यांचं एकमत नाही. हलवायचं ठरलं तरी ती जागा कोणती आणि तिचा खर्च कोणत्या योजनेतून, हेही ठरलेलं नाही.